दोन टीबीच्या बनावट ड्राइव्हमध्ये गेलेला सप्ताह

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाचे ध्वनिमुद्रण मी करतो. गेल्या खेपेस ऐन कीर्तनात लॅपटॉपची डिस्क भरली आणि मुद्रण करणारा प्रोग्राम बंद पडला, म्हणून यंदा जागेचा हिशेब आधीच मांडला होता. आठ माइक, प्रत्येकाचा स्वतंत्र ट्रॅक, 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ हा दर्जा धरला तर तासाला सुमारे 4.15 जीबी लागतात. रोजचे पाच तास म्हणजे सात दिवसांचे 145 जीबी. लॅपटॉपवर जेमतेम चाळीस जीबी मोकळे होते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे दोन टीबीची एक्स्टर्नल एसएसडी, म्हणजे केबलने बाहेरून जोडायची साठवणीची ड्राइव्ह, दीड हजारांत मिळत होती, ती मी मागवली. खरी ड्राइव्ह या किमतीत मिळत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

विंडोजमध्ये तिची क्षमता 1.81 टीबी दिसत होती. खऱ्या दोन टीबीच्या ड्राइव्हवरही हाच आकडा दिसतो, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. त्यामुळे माझा विश्वास अधिकच बसला. रोज रात्री त्या दिवसाच्या फायली ड्राइव्हवर हलवून मी लॅपटॉप रिकामा करत असे. पहिल्या रात्री त्या वाजवून पाहिल्या. पुढे मात्र नावे आणि आकार जुळले की समाधान मानले.

सप्ताह उठल्यावर कळले की पहिल्या तीन दिवसांचे मुद्रण शाबूत आहे आणि चौथ्या दिवसापासूनची एकही फाइल उघडत नाही. काल्याचे कीर्तन गेले. आमच्या वयोवृद्ध पखवाजवादकांनी शेवटच्या रात्री वाजवलेली साथही गेली, आणि तिच्यासाठीच मी पखवाजाला दोन माइक लावले होते.

ड्राइव्हचे कवच उघडले तेव्हा आत 64 जीबीचे मेमरी कार्ड आणि वजन भासावे म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी निघाली. अशा वस्तूच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे साठवण सांभाळणाऱ्या चिपमध्ये, खोटी क्षमता भरलेली असते. कार्ड भरल्यानंतरही तो ‘लिहिले’ असेच संगणकाला कळवतो, पण मजकूर कुठेच साठत नाही. फायलींची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या जागेत असल्याने नावे आणि आकार बिनचूक दिसतात.

नवी ड्राइव्ह वापरण्यापूर्वी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स आणि मॅकवर एफथ्री हा मोफत प्रोग्राम चालवावा. तो ड्राइव्ह पूर्ण भरून मजकूर परत वाचून पाहतो. दोन टीबीला दीड दिवसही लागू शकतो, तो लागू द्यावा. फायली हलवू नयेत, त्यांची प्रत करावी, ड्राइव्ह काढून पुन्हा जोडावी आणि फाइल मधून व शेवटून ऐकल्यावरच मूळ पुसावी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर विक्रेत्याने पैसे परत केले. ते कार्ड मी जपून ठेवले आहे, कारण पहिल्या तीन दिवसांची मूळ प्रत आता तेवढीच आहे.