नेरूळचं ‘थीसिस स्टॅटिस्टिक्स’ पॅकेज: आकडेमोड चोख, तारे मात्र जपून घ्या

नेरूळ, खारघर, कामोठे या पट्ट्यात मेडिकल, डेंटल, फिजिओथेरपी, नर्सिंगची कॉलेजं एकमेकांना खेटून आहेत. त्यामुळे इथल्या झेरॉक्सवाल्यांकडे स्पायरल बाइंडिंगच्या शेजारी आणखी एक पाटी हमखास दिसते: ‘थीसिसचं स्टॅटिस्टिकल अ‍ॅनालिसिस करून मिळेल’. नेरूळच्या अशाच एका दुकानाची सेवा आम्ही रीतसर पैसे भरून तपासली. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. जे खटकलं ते फक्त त्यांच्यापुरतं नाही, आणि गिऱ्हाईक जे मागतं तेच ते विकतात.

पॅकेज ९,००० रुपयांचं. त्यात मास्टर चार्टची (सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या एकत्र तक्त्याची) साफसफाई, टेबलं, आलेख, ‘रिझल्ट्स’चा मजकूर आणि एकदा दुरुस्ती. मुदत पाच दिवसांची, आणि ती पाळली. ‘सॅम्पल साईझ जस्टिफिकेशन’चे, म्हणजे इतकेच रुग्ण का घेतले याच्या समर्थनाचे, १,५०० वेगळे.

तपासायला दिलेला डेटा खऱ्या रुग्णांचा नव्हता. एक्सेलमध्ये नॉर्म.इन्व्ह आणि रँड ही रँडम आकडे काढणारी दोन फंक्शनं जोडून ६० ‘रुग्ण’ तयार केले. ३० गट अ मध्ये, ३० गट ब मध्ये. हिमोग्लोबिन, कंबरेचा घेर, झोपेचे तास, नाडीचे ठोके असे २० कॉलम. (रँड वापरलंत तर शेवटी पेस्ट व्हॅल्यूज करायला विसरू नका, नाहीतर फाईल उघडताना आकडे बदलतात.) मुख्य मेख अशी की दोन्ही गटांचे आकडे एकाच साच्यातून काढलेले होते. म्हणजे गटांत फरक शून्य, आणि तो शून्य आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक. खऱ्या संशोधनात ही चैन कधीच नसते, म्हणूनच ही चाचणी घेण्यात मजा होती. वर थोडी घाण मुद्दाम कालवली: एका ठिकाणी हिमोग्लोबिन १३.१ ऐवजी १३१, लिंगाच्या कॉलममध्ये ‘पु’, ‘पुरुष’ आणि ‘पुरुष’च्या आधी एक स्पेस, आणि एक अख्खी ओळ दोनदा.

साफसफाईला जवळपास पैकीच्या पैकी. दुसऱ्याच दिवशी फोन आला: ‘सर, रो नंबर ४७ आणि ५२ सेम आहेत, एक उडवू का? आणि हे एकशे एकतीस तेरा पॉइंट एक असणार ना?’ विचारून बदललं, स्वतःच्या मनाने नाही. ती मोकळी स्पेससुद्धा पकडली. एसपीएसस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरला आधी स्पेस असलेला ‘पुरुष’ हा तिसरा लिंगगट वाटतो, आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ज्यांचे गाईड मास्टर चार्ट उघडूनही पाहत नाहीत त्यांना एवढ्या कामासाठीच हे दुकान परवडेल.

आता रिपोर्ट. ३४ पानं, गुळगुळीत कागद. पहिल्या मोठ्या टेबलात २० कॉलमच्या २० टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना), आणि एकीवर तारा, म्हणजे पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली, निकाल ‘सार्थक’ किंवा ‘सिग्निफिकंट’ ठरला, अशी खूण: झोपेचे तास, पी = ०.०३१. खाली वाक्य: गट अ मध्ये झोप सार्थकरीत्या जास्त आहे आणि हा फरक योगायोगाने येण्याची शक्यता फक्त ३.१ टक्के आहे.

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग चूक आहे, आणि ही चूक इतकी रुळली आहे की तोंडी परीक्षेतसुद्धा तेच उत्तर बरोबर धरलं जातं. पी व्हॅल्यू सांगते ते उलट दिशेने: गटांत मुळात काहीच फरक नसेल, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३.१ टक्के. ‘फरक नाही’ हे गृहीत धरूनच हा आकडा निघतो, मग तोच आकडा ‘फरक नसण्याची शक्यता’ कसा ठरेल? आमच्या फाईलमध्ये तर हा फरक योगायोगाचा असण्याची शक्यता शंभर टक्के होती. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी व्हॅल्यूवर खास निवेदन काढलं, त्यात हाच गैरसमज ठळकपणे खोडून काढलेला आहे.

आणि तारा आला तरी कसा? २० टेस्ट, प्रत्येकीत ५ टक्के चुकीची मुभा. सरासरीने एक खोटा तारा येणारच. एकही न येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के वेळा काही ना काही ‘सापडतं’. बॉन्फेरोनीची साधी दुरुस्ती लावली असती तर मर्यादा ०.०५ भागिले २०, म्हणजे ०.००२५ झाली असती आणि ०.०३१ दारातच अडकला असता. ती दुरुस्ती रिपोर्टात कुठेच नाही.

तरी हे टेबल प्रामाणिक म्हणायचं, कारण त्यात वीसच्या वीस आकडे छापलेत. खरी गंमत पान १९ पासून. तिथे ‘सबग्रुप अ‍ॅनालिसिस’ सुरू होतं: फक्त पुरुष, फक्त स्त्रिया, ४५ च्या आतले, ४५ च्या वरचे. आणि छापलेल्या पाचही ओळींवर तारा! आम्ही काउंटरवर आउटपुट फाईल मागितली. थोडे आढेवेढे झाले, पण मिळाली. एसपीएससची ही .एसपीव्ही फाईल खोटं बोलत नाही. चालवलेलं सगळं, पुसलेलं नसेल तर, ओळीने त्यात असतं. चार उपगट गुणिले २० कॉलम, ८० टेस्ट. त्यातल्या पाच छापल्या, पंचाहत्तर गडप. मूळच्या २० धरून एकूण १०० टेस्ट आणि सहा तारे. निव्वळ योगायोगाने पाच अपेक्षित असतात. म्हणजे रँडच्या आकड्यांतून जितकं निघायला हवं तितकंच निघालं होतं, फक्त ते ‘निष्कर्ष’ म्हणून बांधून दिलं. दुकानदाराची भावना वाईट नव्हती. ‘काहीतरी सिग्निफिकंट निघालं की गाईड खूश असतात,’ हे त्याने अगदी निरागसपणे सांगितलं.

रिपोर्टात काय नव्हतं ते जास्त महत्त्वाचं. झोपेच्या त्या ताऱ्यापुढे फरक किती हे लिहिलेलंच नव्हतं. आम्ही काढला: ०.६३ तास, आणि ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठवर असू शकतो तो पट्टा) ०.०६ ते १.२० तास. म्हणजे चार मिनिटं ते ७२ मिनिटं. चार मिनिटं जास्त झोपणाऱ्या रुग्णाला कुठला डॉक्टर वेगळं औषध देईल? इंटरव्हल छापला की हा प्रश्न वाचणाऱ्याला आपोआप पडतो. नुसता तारा छापला की पडत नाही. एसपीएससच्या टी-टेस्टच्या टेबलात हा इंटरव्हल उजवीकडच्या शेवटच्या दोन कॉलमांत तयार असतो. वर्डमध्ये चिकटवताना पानात मावत नाही म्हणून कापला जातो. रोग मार्जिनचा, पण भोगतो निष्कर्ष.

उलट बाजूची चूकही आहेच. ज्या कॉलमांत पी ०.०५ च्या वर, तिथे सरसकट ‘दोन्ही गट सारखे आहेत’ असं लिहिलं. एका ठिकाणी ०.०५८ होतं, तिथे ‘सार्थकतेकडे कल’. हवं तेव्हा रेषा ताणायची, नको तेव्हा दगडावरची ठेवायची. गटात ३०-३० माणसं असतील आणि खरा फरक मध्यम असेल, म्हणजे अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनएवढा (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप), तर तो पकडण्याची ताकद (पॉवर) ५० टक्क्यांच्याही खाली असते. नाणं उडवलं तरी बरं. तो फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ लागतात. एवढ्या छोट्या अभ्यासात ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वाक्यांत वाशी ते पनवेलएवढं अंतर आहे.

यावरून ते १,५०० रुपयांचं जस्टिफिकेशन. हे घेऊ नका. डेटा गोळा झाल्यावर सॅम्पल साईझ ‘काढून’ देणं म्हणजे आलेल्या पाहुण्यांची संख्या मोजून मग आमंत्रणं छापणं. पद्धत सोपी आहे: जी*पॉवर या सॉफ्टवेअरमध्ये ३०-३० वर ८० टक्के पॉवर बसेपर्यंत इफेक्ट साईझ (फरक किती स्टँडर्ड डेव्हिएशनएवढा ते) वर सरकवायची. ती ०.७४ वर येऊन थांबते. थीसिसमध्ये ०.७४ असा विचित्र आकडा कुठल्याही आधीच्या अभ्यासाचा संदर्भ न देता दिसला, तर मुरलेला परीक्षक तिथेच पेन ठेवतो. शिवाय जी*पॉवर फुकट आहे.

दुसरी फाईल फिजिओथेरपीच्या धर्तीची होती: दोन गट, वेदनेचा स्कोअर उपचाराआधी आणि नंतर. इथे पेअर्ड टी-टेस्ट (त्याच रुग्णाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना) बरोबर निवडली, आकड्यांची विभागणी नॉर्मल आहे का हे तपासणारी शापिरो-विल्क आधी पाहिली, छान. पण पुढे घोटाळा. गट अ मध्ये स्कोअर सरासरी १.२ ने उतरला, पी = ०.०२९. गट ब मध्ये ०.९ ने, पी = ०.०८२. निष्कर्ष: अ पद्धत सरस. एक सार्थक, एक नाही, म्हणून दोघांतला फरक सार्थक, हे गणित बसत नाही. दोन गटांची तुलना करायची तर दोन उतारांचीच थेट तुलना करायला हवी: फरक ०.३, आणि त्याची पी व्हॅल्यू ०.६८. अ आणि ब यांच्यात या फाईलवरून काहीही ठरत नाही. ही चूक छापील जर्नलांतही सर्रास सापडते, तेव्हा दुकानाला एकट्याला फाशी नको.

डेंटलवाल्यांनी आणखी एक सांभाळावं. आम्ही तोंडी विचारलं की २० रुग्णांचे ८० दात असतील तर एन (नमुन्यांची संख्या) किती? उत्तर आलं ८०, ‘जितका एन जास्त तितकं सिग्निफिकंट’. एका तोंडातले चार दात एकच ब्रश, एकच लाळ, एकच गुटखा वाटून घेतात. ते चार स्वतंत्र साक्षीदार नाहीत. साधी टी-टेस्ट लावायची तर रुग्णामागे एक सरासरी घ्या, किंवा एका रुग्णाचे अनेक आकडे एकत्र सांभाळणारं मिक्स्ड मॉडेल करणारा माणूस शोधा. या दुकानात ते होत नाही.

किरकोळ: पी = ०.००० असं छापू देऊ नका, <०.००१ लिहून घ्या. काय-स्क्वेअरच्या (गटवार संख्यांची तुलना करणाऱ्या टेस्टच्या) टेबलाखाली ‘अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी’ असलेल्या चौकटी किती हे सांगणारी तळटीप असते; त्या २० टक्क्यांहून जास्त दिसल्या की फिशर एक्झॅक्ट ही टेस्ट मागा; आमच्या एका टेबलात ती टीप कापली गेली होती. आलेख त्रिमितीय, नको तितके रंगीत.

मग जायचं की नाही? जायचं, पण आधी. पहिला रुग्ण घेण्यापूर्वी एका पानावर लिहून ठेवा: मुख्य निकाल एकच कोणता, तो कधी मोजणार, कोणती टेस्ट, कोणते उपगट (शक्यतो एकही नाही). अभ्यास क्लिनिकल ट्रायल असेल तर १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयमध्ये (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी लागतेच, त्यामुळे हे पान तसंही लिहावं लागतं. ते छापून काउंटरवर द्या. आम्ही तीच पहिली फाईल दुरुस्तीच्या हप्त्यात अशा पानासकट परत दिली, मुख्य निकाल हिमोग्लोबिन, बाकी सगळं पूरक. तीन दिवसांत सहा पानांचा रिपोर्ट आला: एक टेस्ट, एक इंटरव्हल, तारा नाही. तोच ऑपरेटर, तोच कॉम्प्युटर. वर त्याने विचारलं, ‘सर, हे सबमिट होईल का?’

फुकटात स्वतः करायचं तर जामोवी किंवा जॅस्प. दोन्हींत टी-टेस्टखाली फरकाची आणि त्याच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलची चौकट टिक करायची एवढंच. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने यायचे हेलपाटे वाचतील. पण मास्टर चार्टची घाण ही सॉफ्टवेअरं काढून देत नाहीत, तिथे या दुकानाला तोड नाही.

आमचे गुण: साफसफाई ५ पैकी ४.५, मुदत ५, विश्लेषण २, पानासकट गेलात तर ४.

फाईल देताना रुग्णाचं नाव, मोबाईल आणि केसपेपर नंबर हे कॉलम आधी उडवा, त्याजागी १, २, ३ असे क्रमांक घाला आणि जुळणीची यादी घरी ठेवा. काउंटरवरच्या स्क्रीनचं तोंड गिऱ्हाइकाकडे आहे, आणि आम्ही उभे होतो तेव्हा त्यावर आणखी अकरा थीसिसचे फोल्डर विद्यार्थ्यांच्या नावासकट दिसत होते.