नायट्रो बग्गी आणि कोकणची हवा: एका हंगामानंतरचा अनुभव

शर्यतीसाठी नायट्रो गाडी, म्हणजे नायट्रो इंधनावर पळणारी रिमोटची छोटी गाडी, कोणती घ्यावी असं विचारलं की बहुतेक जण आधी वेग सांगतात. ताशी सत्तर, ऐंशी वगैरे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर, एक हंगाम काढल्यावर मी वेग विचारणंच सोडून दिलंय. वीस मिनिटांची फायनल, मध्ये दोनदा इंधन भरणं, आणि गाडी बंद न पडता शेवटची फेरी पुरी करते का, एवढंच मी बघतो. आणि काही मोडलंच, तर तो सुटा भाग वेंगुर्ल्यात बसून हातात यायला किती दिवस लागतात.

माझी गाडी १/८ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गी. कारखान्यातूनच जोडून आलेली, म्हणजे आरटीआर. ०.२१ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन सीसीचं इंजिन, दोरी ओढून सुरू होणारं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी दुखणी लिहिली आहेत ती या किमतीतल्या सगळ्याच गाड्यांना थोड्याफार फरकाने होतात. गणपती झाल्यावर घेतली, भातकापणी उरकल्यावर नियमित चालवायला लागलो आणि आता पावसाच्या तोंडावर खोलून ठेवली आहे.

१/८ च का? कारण हा जगभर शर्यतीचा प्रमाण वर्ग आहे. इंजिन जास्तीत जास्त साडेतीन सीसी, टाकी १२५ सीसी, चाकाचा षटकोनी हब १७ मिलिमीटरचा. मापं ठरलेली असल्यामुळे एका कंपनीच्या गाडीला दुसऱ्याची चाकं बसतात, तिसऱ्याचं इंजिन चढतं. जागतिक स्पर्धेची फायनल तासाभराची असते, त्यामुळे या वर्गातल्या चांगल्या गाड्यांची रचनाच तेवढं सोसण्यासाठी केलेली असते. क्योशोची इन्फर्नो किंवा म्युगेनची एमबीएक्स ही त्यातली मोठी नावं. १/१० च्या दोन गिअरवाल्या स्वस्त नायट्रो गाड्याही आमच्याकडे येतात. डांबरी रस्त्यावर मजा देतात, पण जांभ्याच्या कातळावर त्यांची लहान चाकं प्रत्येक खळग्यात अडकतात. शर्यत करायची असेल तर तिथे पैसे घालू नका.

आता इंजिन. यात पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि तो ज्यात वरखाली होतो ती बाही (स्लीव्ह) पितळेची, आतून क्रोम चढवलेली. बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून थंड इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन वर पोचताना चांगला अडकतो. ही पकड म्हणजे इंजिनाचं आयुष्य. जुनी गाडी घेणार असाल तर मालकाचं बोलणं नंतर ऐका, आधी थंड इंजिनाचं फ्लायव्हील बोटाने फिरवून बघा. वरच्या टोकाला सहज गळून गेलं तर तो सौदा सोडा.

नवीन इंजिनाला पहिल्या काही टाक्या घाई न करता द्याव्या लागतात. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, थोडं चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि थंड होताना पिस्टन खालच्या टोकाला ठेवायचा. सुरू करण्याआधी हेअर ड्रायरने हेड गरम केलं की पकडीवर ताण कमी येतो. मेच्या दुपारी मात्र कातळावर ठेवलेली गाडी ड्रायरशिवायच तापते, हा आपल्याकडचा एकमेव फायदा.

मेथॅनॉल हा या इंधनाचा पाया, त्यात नायट्रोमिथेन आणि तेल मिसळलेलं. पेट्रोल जळायला वजनाने साधारण चौदा-पंधरा पट हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहा पट आणि नायट्रोमिथेनला दोन पटही नाही. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं, म्हणून इवल्याशा इंजिनातून एवढी ताकद निघते आणि म्हणूनच टाकी आठ-दहा मिनिटांत कोरडी पडते. पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या जागेतून, बाटली दाबून इंधन भरण्याचा सराव चालवण्याइतकाच महत्त्वाचा.

इथे समुद्राचा संबंध येतो. सकाळी मतलई वारा असताना लावलेलं नीडल (कार्ब्युरेटरमधली इंधन कमी-जास्त करणारी सुई) दुपारी खारा वारा सुटला की चुकतं. हवा गरम आणि दमट झाली की तिच्यात ऑक्सिजन कमी, तेच इंधन जास्त ठरतं, गाडी सुस्त होते आणि निळा धूर ओकते. मग हाय-स्पीड नीडल अगदी जरासं, घड्याळावरच्या एका तासाच्या अंतराएवढं, आत फिरवायचं. हेडचं तापमान १०० ते ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की मी निश्चिंत असतो. तापमान मोजायची गन स्वस्त मिळते, ती घ्याच. हेडवर थुंकून चरचर ऐकणारे उस्ताद प्रत्येक गावात आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, सतत वरखाली होत असेल तर नीडलशी खेळत बसण्याआधी टाकी तपासा. सायलेन्सरमधून येणाऱ्या दाबावर इंधन पुढे सरकतं. झाकणाचा ओ-रिंग कडक झाला किंवा सिलिकॉन नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की कितीही ट्यूनिंग करा, हाती काही लागत नाही. टाकी पाण्यात बुडवून नळीतून फुंकली की बुडबुडे लगेच खरं सांगतात. आमच्या गटातल्या निम्म्या ‘खराब इंजिनांचा’ आजार असा बुडबुड्यांत सापडला आहे.

आमचा ट्रॅक गावच्या सड्यावर, कलमांच्या बागेतले जुने काळे पाइप अंथरून आखलेला. तांबडी धूळ दिसायला मऊ, पण इंजिनात गेली तर पॉलिश पेपरचं काम करते. एअर फिल्टरचा स्पंज दोन थरांचा हवा, तेल लावलेला हवा, आणि दर शर्यतीच्या दिवशी नवा किंवा धुतलेला हवा. माझ्या गाडीबरोबर आलेला फिल्टर एका थराचा होता, तो पहिल्याच आठवड्यात बदलला. कंपनीने दोन पैसे वाचवायचेच होते तर स्टिकर कमी द्यायचे.

धुळीचा बंदोबस्त फिल्टरने होतो. मिठाचा होत नाही. इथे खरी परीक्षा.

परदेशी व्हिडिओंत सांगितलेलं देखभालीचं वेळापत्रक आपल्याकडे अर्ध्यावर आणावं लागतं. दोन महिन्यांत हिंज पिनांवर (सस्पेन्शनचे आर्म ज्यावर हलतात त्या सळ्यांवर) तांबूस ठिपके, ड्राइव्हशाफ्टवर गंज, चाकांची बेअरिंग खरखरायला लागली. सगळ्यात आधी गेलं ते क्लच बेलचं (क्लचवरच्या दातेरी वाटीचं) बेअरिंग, ५×१०×४ मापाचं. तो या गाड्यांचा जगभरचा कच्चा दुवा आहे, इथे जरा लवकर तुटतो. चाकांची ८×१६×५ ची. ही मापं पाठ करून ठेवा, कारण कंपनीचं पाकीट मागवण्यापेक्षा कोल्हापुरातल्या बेअरिंगच्या दुकानातून रबर सीलवाली मागवली तर निम्म्या पैशांत येतात, आणि घाट उतरून दुसऱ्या दिवशी हातात असतात.

स्क्रूंचं उत्तर मालवणात मिळालं, बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात. तिथे एम-३ आणि एम-४ चे स्टेनलेस अॅलन स्क्रू सुटे मिळतात. बॉडी पोस्ट, विंग, रेडिओ बॉक्स इथले सगळे बदलले. इंजिन माउंट आणि डिफचे (डिफरन्शियल, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) मात्र मूळ काळे पोलादी स्क्रूच ठेवले, कारण स्टेनलेस त्यांच्याइतकं मजबूत नसतं आणि जोर लावला की डोकं गोल होतं. त्याच दुकानाशेजारी आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायची इंजिनं) दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी इंजिन तळहातावर घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, “टू-स्ट्रोक तो टू-स्ट्रोकच रे. तेल कमी पडला की जीव गेलो.” मग शर्यत संपल्यावर काय करतोस म्हणून विचारलं. टाकी रिकामी करतो, उरलेलं इंधन जाळतो, प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज टाळायला घालायच्या तेलाचे) थेंब सोडून फिरवतो, हे सांगितल्यावरच त्यांनी इंजिन परत दिलं. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी क्रँकच्या मागच्या बेअरिंगवर बसलं की गंज ठरलेला.

याच कारणाने इंधनाचा मोठा कॅन घेऊ नका. अर्धा रिकामा कॅन पावसाळ्यात ठेवला तर नंतर गाडी का सुरू होत नाही याचा शोध घेत बसाल. छोट्या बाटल्या, घट्ट झाकण. विमानाने हे पार्सल जात नाही, त्यामुळे शर्यतीच्या बरेच आधी सोय करावी लागते, आणि लिटरचा भाव पेट्रोलच्या कित्येक पट. सुरक्षेचं एकदा स्पष्ट लिहितो: मेथॅनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा. शेजारच्या आजी “ह्येच्यात पेट्रोल घालतंस?” म्हणून विचारतात, त्यांना हसून ‘नाही’ म्हणतो, पण नातवंडांना पिटपासून लांब ठेवतो.

इलेक्ट्रॉनिक्सवर कंजुषी नको. बरोबर आलेला स्टिअरिंग सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, प्लास्टिक गिअरचा होता, कातळाच्या एका धडकेत दात गेले. मेटल गिअरवाला टाकला. फेलसेफ मात्र पहिल्या दिवशीच लावा: सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद आणि ब्रेक लागलेला. साडेतीन किलोची गाडी पूर्ण वेगात बेवारस सुटली तर समोर कोण उभं आहे हे ती बघत नाही. इंजिन चालू करण्याआधी, चाकं उचलून, ट्रान्समीटर बंद करून हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. आमच्याकडे हे न दाखवणाऱ्याला ट्रॅकवर सोडत नाहीत.

गाडीचं कौतुकही करतो. चासी, शॉक टॉवर, डिफचे गिअर, सगळं अजून मूळचंच आहे. तीनही डिफ खोलून सिलिकॉन तेल बदललं, दात स्वच्छ निघाले. उड्यांनंतर गाडी सरळ उतरते. पुल-स्टार्ट अजून टिकला आहे, पण दोरी शेवटपर्यंत खेचायची नाही आणि इंजिनात इंधन भरून ते जाम झालं असेल तर आधी प्लग काढायचा. शर्यतीला नेटाने उतरणारे शेवटी स्टार्टर बॉक्सवरच (गाडी वर ठेवून मोटरने इंजिन फिरवणाऱ्या पेटीवर) जातात. मीही दिवाळीनंतर तिकडेच वळणार.

पुळणीवर चालवायचा हट्ट पाहुणे हमखास करतात. व्हिडिओ छान येतो म्हणे. ओली वाळू आणि मीठ, दोन्ही एकदम. त्यांच्यासाठी भाच्याची जुनी इलेक्ट्रिक गाडी ठेवली आहे. खरं तर ज्याला रविवारी तासभर गाडी पळवून घरी जायचंय त्याने ब्रशलेस इलेक्ट्रिकच घ्यावी. नायट्रोला चालवण्याइतकाच वेळ पुसायला लागतो, आणि तो वेळ ज्याला आवडतो त्यालाच ती परवडते.

घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन सुटे भाग मागा: पुढचा खालचा सस्पेन्शन आर्म, क्लच बेल आणि टाकीचं झाकण. तिन्ही त्याच्याकडे असतील किंवा आठवड्यात येत असतील तर गाडी घ्या. ‘मागवून देतो’ एवढंच उत्तर आलं तर कितीही वेगवान असली तरी दुसरी बघा. माझ्या दुकानदाराकडे आर्म आणि बेल होते. झाकण नव्हतं, ते गाडीबरोबरच जादा मागवून घेतलं, आणि शिमग्याच्या शर्यतीत तेच लागलं.