ग्वाल्हेरात कुलपांना तेल सोडून ग्रॅफाइट लावलं, अकरा महिन्यांचा अनुभव

आमचं घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. कुलपं मोजली तर चौदा भरतात, दिंडीचं, जिन्याचं, कोठीचं, गच्चीचं, बाहेरच्या लोखंडी गेटचं आणि काय काय. मागच्या जानेवारीत एका सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय 76 आणि बोटांना संधिवात, कोठीचं कुलूप उघडायला गेल्या तर किल्ली फिरेचना. त्यांनी जोर लावला आणि मनगट दुखावलं, आठवडाभर पट्टी बांधून बसल्या होत्या. तेव्हापासून हा विषय मी डोक्यात घेतला.

कारण निघालं खोबरेल. आमच्याकडे वर्षानुवर्षं कुलपात देवघरातल्या वाटीतलं खोबरेल सोडायची पद्धत. आता खोबरेल 24 डिग्रीच्या आसपास गोठतं, पुण्यामुंबईकडे चालून जात असेल पण इथे जानेवारीत पहाटे पारा पाच-सहावर येतो, न्हाणीतली बाटली पांढरी दगड होते हे आपण रोज बघतो, मग कुलपाच्या आत वेगळं काय होणार! शेजारच्या काकू सरसोंचं तेल टाकतात, ते गोठत नाही पण हवा लागून हळूहळू चिकट होत जातं आणि वर्षभरात आत पिवळट थर धरतं. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं म्हणून ते बरं वाटतं, पण मे-जूनमध्ये इथे जे अंधड येतात त्याची बारीक धूळ त्या तेलाला धरून बसते, आणि तेल अधिक धूळ म्हणजे पॉलिश पेपरच झाला की, पितळ आतून घासत राहतं.

म्हणून फेब्रुवारीत महाराज बाडा चौकाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून कोरड्या ग्रॅफाइटची छोटी बाटली आणली, नळीसारखं तोंड असलेली, दाबली की फुस्स करून पावडर उडते. तेल अजिबात नाही. पेन्सिलीत असतं तेच हे. आपण शिसपेन्सिल म्हणतो खरं, पण त्यात शिसं कधीच नव्हतं, इंग्लंडात बॉरोडेलला हा खनिज सापडला तेव्हा लोकांना तो शिशाचा प्रकार वाटला आणि नाव चिकटलं, ग्रॅफाइट हे नाव तर 1789 साली वेर्नर नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने दिलं. आत कार्बनचे पातळ पापुद्रे एकावर एक असतात, पत्त्यांच्या गड्डीसारखे, आणि ते एकमेकांवरून सरकतात, त्यालाच आपण गुळगुळीत म्हणतो. पुतण्या मेकॅनिकल शिकतोय, त्याने एक गोष्ट सांगितली जी मला फार आवडली, की हे पापुद्रे नीट सरकायला हवेतला ओलावा थोडा तरी लागतो, दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर जाणाऱ्या विमानांमधले कार्बनचे ब्रश, म्हणजे मोटर-जनरेटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज नेणारे ठोकळे, त्यामुळेच भराभर झिजायचे. ऐकून मला आपल्या मे महिन्याची धास्ती वाटली, लू चालते तेव्हा हवेत ओलावा असतो कुठे? पण कुलपात तरी काही फरक जाणवला नाही, 45 डिग्रीतही किल्ली तशीच फिरत होती.

आता पहिल्यांदा काय चुकलं ते सांगते कारण बहुतेक जण इथेच चुकतील. मी कोठीच्या कुलपात जुनं तेल असतानाच पावडर मारली, आणि एकदा नाही चार-पाच वेळा, म्हटलं भरपूर घालू. दोन दिवस छान चाललं, तिसऱ्या दिवशी आत काळा लगदा झाला, काजळासारखा, आणि किल्ली अर्ध्यात अडकली. तेल असेल तिथे ग्रॅफाइट टाकूच नका. आधी धुवायचं. मी कुलूप काढून रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं, किल्ली घालून आत-बाहेर केली तेव्हा जो काळा-तपकिरी मळ निघाला तो बघून आई म्हणाल्या, हा तर तुझ्या सासऱ्यांच्या वेळचा असेल. रॉकेलचाही तेलकट अंश मागे राहतो म्हणून नंतर केमिकलवाल्याकडून आणलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुतलं आणि गच्चीवर दोन दिवस उन्हात ठेवलं. हे सगळं गॅसपासून लांब, उघड्यावर करा, दोन्ही भडकतात. पूर्ण सुकल्यावर फक्त दोनदा फुस्स, मग किल्ली दहा-बारा वेळा फिरवायची, बाहेर काढून फडक्याने पुसायची, बस. जास्त झालं तर पावडर आत दाबून बसते आणि पिनांच्या भोकात साचते.

फरक कुठे सगळ्यात जास्त कळला तर पिनांच्या कुलपात, ज्याची किल्ली दातेरी असते. आत स्प्रिंगवर बसलेल्या बारीक पिना असतात, त्या आपापल्या भोकात मोकळ्या वरखाली व्हायला हव्यात, तिथे धूळ आणि चिकटा नसला की किल्ली जवळजवळ स्वतःच फिरते. लिव्हरच्या जाड कुलपांना, ज्यात पिनांऐवजी किल्लीने उचलल्या जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, फरक पडला पण थोडा कमी. अलीगढचं एक जुनं पितळी कुलूप आहे जिन्याला, त्याची लिव्हरच झिजलीय, त्याला काहीच उपयोग झाला नाही, झिजलेला धातू कुठलीही पावडर परत आणून देत नाही.

बाहेरच्या गेटला मात्र लावू नये असं माझं स्पष्ट मत झालंय. पावसाळ्यात, साधारण ऑगस्टमध्ये, तिथल्या कुलपाची कडी लाल पडली. ग्रॅफाइट गंज थांबवत नाही, उलट पाणी आणि लोखंड यांच्यात ते असलं तर गंजायला मदतच होते. गेटचं कुलूप परत धुऊन मशीनच्या तेलावर आणलं, महिन्यातून एकदा पुसून नवं थेंबभर, आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा झाकण म्हणून बांधलाय. आतल्या तेरा कुलपांना ग्रॅफाइट, बाहेरच्या एकाला तेल, असं ठरून गेलं.

आणखी एक, यातून वीज जाते. म्हणून डिजिटल कुलूप, स्विच, गाडीचं इग्निशन यात कधीच नाही. भावजी स्कूटरच्या इग्निशनमध्ये टाकायला निघाले होते, त्यांना मी अडवलं.

डाग हा खरा त्रास आहे. सुरुवातीचे आठ-दहा दिवस किल्लीला काळं लागतं, ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला लागलेलं साबणानेही पूर्ण गेलं नाही. आईंच्या नऊवारीच्या केळ्याला किल्ल्या असतात, म्हणून त्यांची किल्ली मी रोज रात्री पुसून ठेवायचे, नंतर गरज उरली नाही.

बाटली संपली असेल आणि कुलूप अडकलं तर 6बी, म्हणजे मऊ काळी पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर चांगली घासा आणि चार वेळा आत-बाहेर करा. एचबी नको, कडक पेन्सिलीत माती जास्त आणि ग्रॅफाइट कमी असतं. तात्पुरतं चालतं.

अकरा महिन्यांत तेरा कुलपांना मिळून निम्मी बाटलीही संपली नाही. एकदा मार्चमध्ये, एकदा दिवाळीच्या साफसफाईत, एवढंच.

परवा सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं घर दिसत नव्हतं, आणि आई माझ्या आधी उठून कोठी उघडून तिळाचा डबा घेऊन बाहेर आल्या होत्या, दोन बोटांनी किल्ली फिरवली म्हणाल्या. आता त्यांच्या माहेरच्या ट्रंकेचं कुलूप करून द्यायचंय, त्यात सरसोंचं तेल किती वर्षांचं आहे देव जाणे, रविवारी ते रॉकेलमध्ये टाकते.