मिरजेत आईचा तंबोरा दुरुस्त करून घेतला

आईचा तंबोरा बावीस वर्षं माळ्यावर पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढला तेव्हा दोन तारा तुटलेल्या, एक खुंटी सैल आणि भोपळ्याला चीर गेलेली. कुणाला तरी देऊन टाकायचं मी ठरवलंही होतं.

मैत्रिणीनं तसं होऊ दिलं नाही. ती निवृत्त नर्स. एकटी राहते, घरात सोफा नाही, सतरंजीवर बसते. एकसष्टाव्या वर्षी गाणं शिकायला लागली. आवाज घोगरा, पट्टी काळी एक, म्हणजे बायकांच्या मानानं खालची, म्हणून पुरुषांचा मोठा तंबोरा घेऊन बसते. कॉलनीच्या गणपतीत ती माइकसमोर बसली तेव्हा पाणी आणायच्या निमित्तानं मी उठून गेले होते. मी स्वतः आठवीत गाणं सोडलं, स्पर्धेत नंबर आला नाही म्हणून. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "नंबरासाठी गात होतीस होय गं?" मला उत्तर सुचलं नाही.

तिनंच मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेलं. सांगलीच्या विश्रामबागहून रिक्षात तंबोरा मांडीवर आडवा धरून गेलो. दुकानाचं नाव त्यांना न विचारता इथे टाकणं बरं वाटत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या कामाच्या खोलीत त्याचा गाजावाजा नाही. छताला भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात म्हणे.

दुकानातल्या कारागीर चाचांनी आधी भोपळ्यावर बोटांनी टिचक्या मारून पाहिल्या. "लाकूड चांगलं आहे ताई, नुसतं ठेवून ठेवून बसलंय." चीर भरली, खुंटी नवी केली, चारही तारा बदलल्या. खरं काम जवारीचं, म्हणजे तारेचा नाद खुलवण्याचं. मी समोर बसून पाहिलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा कानस. असं तासभर. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवत नेला आणि एका जागी तो बोथट आवाज एकदम खुलला, खोलीभर घुमत राहिला. मैत्रीण तिथेच, दुकानात, षड्ज लावून बसली. तिचा तो घोगराच आवाज. चाचांनी हातातलं काम खाली ठेवून ऐकलं. या वेळी मी उठून गेले नाही.

खर्च साडेतीन हजार आला. जवारीचं काम पाहता मला तो रास्त वाटला. कबूल केलेल्या तारखेपेक्षा आठ दिवस उशीर झाला आणि फोन उचलला गेला नाही, हे मात्र सांगायलाच हवं. चारचाकी गल्लीत नेऊ नका. खोळ घरून न्या. आणि निघण्याआधी तार सुरात लावायला शिकून घ्या. चाचा न कंटाळता शिकवतात, मला तीनदा दाखवलं.

आता गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडे येते. आईचा तंबोरा काळी चारला लावलाय, तिची पट्टी काळी एक, त्यामुळे एकत्र गाता येत नाही. आधी मी बसते, मग ती स्वतःचा काढते. खिडक्या उघड्याच असतात.