9 पिनांचा घ्यावा की 24 पिनांचा?

आडतीच्या पेढीवर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किंवा घाऊक औषधांच्या दुकानात बसणाऱ्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर का लागतो ते सांगायला नको. एकावर एक कागद ठेवून प्रती काढायच्या तर लेझर प्रिंटर खालच्या प्रतीवर काही उमटवत नाही. त्यासाठी वरून ठोकावंच लागतं. विकणारा तुम्हाला कंपनी विचारेल, 80 कॉलम (एका ओळीत मावणारी अक्षरं) की 136 ते विचारेल. पिना, म्हणजे शाईच्या रिबनवर ठोके मारून ठिपके उमटवणाऱ्या सुया, किती, हे मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच विचारावं लागतं, आणि रोजच्या वापरात खरा फरक तिथेच पडतो.

मी भुसार आडतीचे हिशेब बघतो. दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर नांदून गेलेत. कंपन्यांची नावं घेत बसत नाही. माझी तक्रार कुणा कंपनीवर नाही, पिनांवर आहे.

अक्षराच्या बाबतीत 24 पिन सरळ पुढे, यात वाद नाही. पिना बारीक, दोन रांगांत एकीआड एक बसवलेल्या, त्यामुळे ठिपके एकमेकांना चिकटून पडतात आणि अक्षर भरीव दिसतं. इंग्रजी आकडे 9 पिनांवरही चालून जातात. मराठी नावं आली की पंचाईत. मराठी अक्षरं प्रिंटरच्या पोटात नसतात, संगणक त्यांचं चित्र काढून पाठवतो, आणि त्या चित्रातला ‘ष्ट्र’ किंवा ‘त्र्यं’ 9 पिनांवर नुसता शाईचा गोळा होऊन येतो. जुन्या डॉसच्या संगणकावर सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्यांसाठीचं) लावून मराठी छापायचो तेव्हाही हेच होतं. त्र्यंबकरावांचं नाव कोणी वाचत नाही म्हणा, ते रक्कम बघतात. तरी दिसायला बरं दिसत नाही हे खरं.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. आकड्यांची साधी पट्टी दोन्हींवर झटपट निघते, मराठी चित्र दोन्हींवर रेंगाळतं.

आता ज्या एका गोष्टीने माझा निकाल लागला ती सांगतो. आमच्याकडे हिशेबपट्टी तीन प्रतींत निघते. एक शेतकऱ्याला, एक बाजार समितीला, तिसरी आमच्या फाईलला. वरची प्रत 24 पिनांवर अशी निघायची की बघत राहावं. तिसरी बघायला मात्र ट्यूबलाइटखाली जावं लागायचं. सोयाबीनचं वजन 18.65 आहे की 18.85, हे कागद तिरका धरूनही कळेना. सुरुवातीला सगळे म्हणाले रिबन बदला. रिबन बदलून वरची प्रत आणखी काळी झाली, तिसरी होती तशीच. होणारच. कार्बनलेस कागदात, म्हणजे दाब पडला की आपोआप उमटणाऱ्या कागदात, खालच्या प्रतींवर रिबनची शाई पोचतच नाही, तिथे जे उमटतं ते निव्वळ ठोक्याने. आणि बारीक पिनेचा ठोका खालपर्यंत जाता जाता मऊ पडतो.

पिना बसवलेल्या हेडजवळची कागदाच्या जाडीची खिटी पुढेमागे करून पाहिली. जवळ घेतली तर रिबन कागदाला घासून वर काळे पट्टे, लांब नेली तर तिसरी प्रत आणखी फिकी. ठळक छपाई लावली, म्हणजे तीच ओळ दोनदा ठोकायची. त्याने थोडं बरं झालं, पण दुपारी लिलाव संपल्यावर पट्टीसाठी रांग लागते तेव्हा तो कूर्मगती खेळ परवडत नाही. मग हाताखालचा पोरगा तिसऱ्या प्रतीवरचे आकडे बॉलपेनने गिरवायला लागला. इथे माझं डोकं फिरलं. छापील आकड्यावर पेन फिरला की ती खाडाखोडच. चार महिन्यांनी कोणी वजनावरून भांडायला आला तर तो कागद पुढे कोणत्या तोंडाने ठेवायचा?

कंपन्यांची माहितीपत्रकं हेच जरा सौम्यपणे सांगतात. एप्सनच्या 9 पिनांच्या एलएक्स-310 ला मूळ अधिक चार प्रती लिहिल्यात, 24 पिनांच्या एलक्यू-310 ला मूळ अधिक तीन. म्हणजे तीन प्रती कागदोपत्री दोघांनाही जमतात. माझा अनुभव कागदाच्या दर्जामुळेही तसा आला असेल, नाही म्हणत नाही. पण तोच कागद 9 पिनांच्या जुन्या मशीनला लावला आणि तिसऱ्या प्रतीवर बोट फिरवलं तर आकडे हाताला लागायचे.

पिना बारीक असल्याचा दुसरा त्रास म्हणजे रिबन झिजून तिचे धागे सुटले की त्यात पीन अडकून वाकते. दोन्हींत होतं, 24 मध्ये लवकर. त्यात काही जण पैसे वाचवायला रिबनवर स्टॅम्प पॅडची शाई ओततात. रिबनच्या शाईतलं तेल पिनांना वंगणाचं काम करतं. पॅडची शाई सुकून पिना जाम करते. हेड बदलायची वेळ आली की खर्च ऐकून नवीनच मशीन घ्यावंसं वाटतं.

पतसंस्थेचं पासबुक, शाळेचा दाखला, मराठी मजकुराची एकेरी पावती, असं काम असेल तर मात्र माझं ऐकू नका, 24 घ्या. पासबुकाच्या फ्लॅटबेड मशीनला, उदाहरणार्थ एप्सनच्या पीएलक्यू-20 ला, 24 पिना असतात त्या उगाच नाही. जाड असलं तरी पान एकच, त्यामुळे ठोका खोल जायची गरज नाही. बिल्टी, पट्टी, चलन असल्या प्रतींच्या कामाला मी आजही 9 पिनांकडेच वळतो.

जुना घेणार असाल तर बहुतेक मशीनवर लाइन फीडचं बटण दाबून ठेवून स्विच चालू केला की सेल्फ टेस्ट, म्हणजे मशीनने स्वतःच छापलेला नमुना, निघते. 9 पिनांत त्यातला 8 हा आकडा बघा. मधली पीन गेली असेल तर 8 चा 0 झालेला दिसेल. 24 मध्ये एखादी पीन गेली तरी अक्षरांत सहज लपते, म्हणून संगणक जोडून एक भरीव काळा चौकोन छापून मागा आणि त्यात आडवी पांढरी रेघ शोधा. विकणारा चौकोन छापायला का कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.