रोटरी, लायन्स की गल्लीतलं मंडळ? नागपुरात सेवेसाठी वेळ आणि पैसा कुठे द्यावा

माझी भाची मनीषनगरला राहते, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. मागच्या महिन्यात तिला एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली. ऑफिसातले वरिष्ठ म्हणाले, रोटरीत ये. सोसायटीतल्या काकूंनी लायन्सचा फॉर्मच घरी आणून दिला. त्यात गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं आधीपासून तिच्या मागे लागलेली, की ताई, आमचा हिशेब तुम्ही बघा. "मावशी, मी पूर्ण कन्फ्यूज होऊन राहिली. वेळ महिन्यातून दोन संध्याकाळी, पैसे बेताचेच. सांग ना कुठे जाऊ?"

मी या दोन्ही संस्थांच्या क्लबांमध्ये वेगवेगळ्या काळात सभासद होते. त्यातल्या एकात दोन वर्षं खजिनदार. मंडळात तर लहानपणापासून. तिला जे सांगितलं तेच इथे मांडते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

ओळख थोडक्यात. दोन्ही समाजसेवा करणाऱ्या क्लबांच्या जागतिक संस्था, सुरू झाल्या शिकागोत. रोटरी १९०५ ची, पॉल हॅरिस या वकिलाने सुरू केलेली. लायन्स १९१७ ची, विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांची. रोटरीचं सगळ्यात मोठं काम पोलिओचं. १९८५ पासून त्यांनी ते धरून ठेवलं, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात त्यांचा वाटा नाकारता येत नाही. लायन्सचं नाव डोळ्यांशी जोडलेलं आहे. १९२५ साली हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात जाऊन अंधत्वाविरुद्ध उभं राहायचं आवाहन केलं, तेव्हापासून. दोन्हीकडे महिलांना सभासद व्हायला १९८० चं दशक संपत यावं लागलं, हे मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते.

नागपुरात हा फरक रोजच्या कामात दिसतो. लायन्सकडे गेलात तर नेत्रतपासणी शिबिरं, चष्मेवाटप, नेत्रदानाची फॉर्मं ही कामं पहिल्या वर्षीच तुमच्या हातात येतील. रोटरीत बरेचदा एखाद्या रुग्णालयाला यंत्र देण्याचा किंवा शाळेत पाणी आणि स्वच्छतागृहाचा प्रकल्प चाललेला असतो. त्यात कागद जास्त, वाट जास्त बघावी लागते, पण झालं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. ज्यांना आज गेलो आणि आज काहीतरी केलं असं वाटायला हवं, त्यांना रोटरीचा मोठा प्रकल्प जड जातो. ज्यांना प्रस्ताव लिहिण्याची, तीन कोटेशनं मागवून घासाघीस करण्याची हौस आहे, त्यांना तिथेच करमतं. माझी भाची दुसऱ्या प्रकारातली आहे असं मला वाटत होतं.

पैसा कसा येतो, कुठे जातो

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण क्लब निवडताना लोक हेच विचारत नाहीत.

प्रत्येक क्लबात दोन प्रकारचा पैसा असतो. एक सभासदांचा: वार्षिक वर्गणी, सभेच्या जेवणाचा खर्च, जिल्ह्याला (संस्थेने आखलेल्या, सरकारी नव्हे) आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाला जाणारा वाटा. हा शेवटचा वाटा दोन्ही संस्थांत डॉलरमध्ये ठरतो, म्हणून रुपया घसरला की वर्गणी वाढते. दुसरा लोकांचा: तिकिटं, जाहिराती, देणग्या. लायन्समध्ये याबद्दल नियम अगदी स्पष्ट आहे. लोकांकडून गोळा केलेला पैसा लोकांवरच खर्च व्हायला हवा, क्लब चालवण्यासाठी त्याला हात लावायचा नाही, म्हणून दोन वेगळी खाती. रोटरीच्या अनुदानाच्या पैशालाही स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र हिशेब लागतो. नियम दोन्हीकडे चांगले आहेत. पाळणारे कमी-जास्त.

एक प्रसंग सांगते. डायलिसिसच्या रुग्णांसाठी म्हणून एका क्लबने सिव्हिल लाइन्समध्ये संगीत रजनी ठेवली होती. कोणत्या क्लबने, ते महत्त्वाचं नाही. सभागृह भरलं, फोटो छान आले, स्मरणिका जाड निघाली. इतवारी-गांधीबागेतल्या दुकानदारांनी ओळखीखातर जाहिराती दिल्या होत्या. कार्यक्रमानंतर मी जेवणाच्या टेबलावर पावतीपुस्तकं पसरून बसले. सभागृहाचं भाडं, वाद्यवृंद, ध्वनी, छपाई, पाहुण्यांचे हार, सभासदांचं जेवण. एकेक आकडा खाली लिहीत गेले, आणि रुग्णांसाठी जे उरलं ते जमलेल्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी. जेवणाचा खर्च याच पैशातून गेला होता, जो जायलाच नको होता. मी बोलले तर उत्तर आलं, "ताई, असंच होऊन राहते दरवर्षी."

जाहिरातीचे पैसे आणायला मी एका औषधाच्या ठोक दुकानात गेले होते. मालकांनी चेक लिहिला, चेकबुकातून फाडला, आणि हातात देण्याआधी विचारलं, "हे सरळ त्या पेशंटच्या डायलिसिसलाच नाही का देता येत?" मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही.

म्हणून आता मी निधी गोळा करण्याच्या पद्धतींची तुलना अशी करते. संगीत रजनी, नाटकाचा प्रयोग यांत नाव होतं, नवे लोक जोडले जातात, पण खर्च खूप. स्मरणिकेत खर्च त्याहून कमी, मात्र दुकानदारांच्या भिडेवर ती चालते आणि भीड दरवर्षी थोडी झिजते. सभासदांनी स्वतःच्या वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला टाकलेल्या रकमेत खर्चच नाही. लायन्समध्ये तर 'टेल ट्विस्टर' नावाचा पदाधिकारी असतो. उशिरा आलात, बिल्ला विसरलात, फोन वाजला की तो हसतखेळत दंड करतो आणि ते पैसे खजिनदाराकडे जातात. मला ही पद्धत मनापासून आवडते. रक्कम छोटी, पण प्रत्येकाचा हात खिशात जातो.

रोटरीची ताकद आणखी एका ठिकाणी आहे. सभासदांनी रोटरी फाउंडेशनच्या वार्षिक निधीला दिलेल्या पैशातला साधारण निम्मा भाग तीन वर्षांनी आपल्याच जिल्ह्याकडे प्रकल्पांसाठी परत येतो. (नागपूर रोटरीच्या ३०३० या जिल्ह्यात मोडतं.) त्याला परदेशी क्लबची जोड मिळाली की ग्लोबल ग्रँट, म्हणजे फाउंडेशनचं मोठं अनुदान, उभी राहते. पण त्यासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो. लहान क्लबला एकट्याने हे पेलत नाही, दोन-तीन क्लब एकत्र येतात. लायन्सचं आंतरराष्ट्रीय फाउंडेशन १९६८ चं, तेही अनुदानं देतं. दोन्हीकडे १००० डॉलर दिले की संस्थापकाच्या नावाची फेलोशिप मिळते. कोटावर ती पिन लावलेली माणसं तुम्हाला सभेत दिसतील. पिन बघून दबून जायचं कारण नाही, आणि पिनसाठी कर्ज काढायचं तर मुळीच नाही.

करसवलतीचं एक पक्कं लक्षात ठेवा. ८०जीची पावती (देणगीवर आयकरात सवलत देणारी) ज्या संस्थेकडे ती नोंदणी आहे तिचीच चालते. अनेक क्लबांचा त्यासाठी वेगळा ट्रस्ट असतो, तेव्हा चेक ट्रस्टच्या नावाने हवा. २००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल, तर ही वजावट मिळतच नाही. भाचीला हे ठाऊक नव्हतं, ती नव्याच प्रणालीत आहे.

नागपूरचा मे महिना

रोटरी आणि लायन्स या दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष बदलतो, कार्यकारिणी बदलते. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे नवा अध्यक्ष खुर्चीत बसतो तेव्हा पोरं नुकतीच शाळेत आलेली असतात. वह्या-दप्तरांचं वाटप, वृक्षारोपण जोरात होतं. पण मे महिन्यात? ऊन ४५ अंशांवर, जुना अध्यक्ष हिशेब आवरायला लागलेला, नव्याची अजून शपथ नाही, सभासद गावाला. आणि नेमकं तेव्हाच शहरात रक्त कमी पडतं, कारण कॉलेजं बंद, रक्तदान करणारी पोरं घरी गेलेली.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्याच आजाराचे रुग्णही मोठ्या संख्येने आहेत. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकतात, प्लेटलेट्स तर पाच दिवस. जानेवारीत तीनशे पिशव्या जमवून मेमधल्या मुलाला काहीच फायदा नाही. मी कोणत्याही क्लबला विचारते ते हेच: तुमचं मेमधलं रक्तदान शिबिर कधी झालं? पहाटे की संध्याकाळी? ज्या क्लबकडे याचं उत्तर तयार असतं, त्या क्लबवर माझा जीव जडतो.

मोतीबिंदूच्या शिबिरांबद्दलही असाच एक प्रश्न विचारावा. काटोल-नरखेडकडच्या गावात तपासणी होते, रुग्णांना गाडीने शहरात आणतात, शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावून परत सोडतात. एका म्हातारीला मी स्वतः गाडीतून उतरवलं आहे. पट्टी काढल्यावर तिने आधी स्वतःची बोटं मोजली, मग माझ्या साडीचा काठ हातात धरून रंग विचारला, आणि बरोबर ओळखला. ते काम खरंच मोलाचं आहे. पण सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून स्वयंसेवी रुग्णालयांना दर शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळतं. त्यामुळे क्लबने 'इतक्या शस्त्रक्रिया केल्या' म्हटलं की विचारा, क्लबचा खर्च नेमका कशावर झाला? गाडी, जेवण, चष्मा, महिन्याभराने पुन्हा तपासणी? "आम्ही गाडी आणि फेरतपासणी केली" असं सरळ सांगणारा क्लब मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि मंडळ

मंडळाला कमी लेखू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरी सगळ्यात आधी पोचली ती गल्लीतली पोरं. क्लबांची मदत आली, चांगली आली, पण आली ती पाणी ओसरल्यावर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उभे राहून बघा. जेवण, पाणी, औषधांचे स्टॉल ओळीने लागलेले, आणि ते चालवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या छातीवर कसलाही बिल्ला नसतो. याच शहरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ उभा केला, तोही शिकागोहून सनद न आणता.

मंडळाची अडचण कागदांची. नोंदणी आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो का, वर्गणीची छापील पावती मिळते का, खातं मंडळाच्या नावाने आहे की एखाद्या दादाच्या? हे नसेल तर पैसे देऊ नका, वेळ द्या. ज्याला हिशेब येतो अशा एका माणसाने वर्षभर वही सांभाळली तरी मंडळ बदलतं. वर्गणी परवडत नाही, संध्याकाळी मोठ्या हॉटेलातली सभा नको वाटते, अशांना मी डोळे झाकून इकडेच पाठवते.

पैसा बेताचा आणि हाताने काम करायचं असेल तर लायन्स. नोकरीत प्रकल्प चालवायची सवय आहे, दोन-तीन वर्षं धीर धरता येतो आणि वर्गणीचा भार सोसतो, तर रोटरी. ही झाली ढोबळ विभागणी. खरं तर एकाच संस्थेच्या दोन क्लबांत जितका फरक असतो, तितका या दोन संस्थांत नसतो. धरमपेठेतला एक क्लब आणि सक्करदऱ्यातला दुसरा, बिल्ला एकच, घर वेगळं. म्हणून फॉर्म भरण्याआधी पाहुणी म्हणून दोन सभांना जा. त्यातली एक अशी निवडा, जिथे प्रमुख पाहुणे नाहीत, फक्त कामकाज आहे.

भाची गेली. दोन्हीकडे गेली. दोन्हीकडे तिने खजिनदारांना एकच विचारलं: मागच्या कार्यक्रमात किती जमले, किती खर्च झाले, किती पोचले? एका ठिकाणी "अगं, आधी सभासद तर हो" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणच्या खजिनदार बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खात्यांच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्यात एका कार्यक्रमात आलेली तूट आणि ती सभासदांनी स्वतः भरल्याची नोंदही होती. तो क्लब लायन्सचा निघाला. माझा अंदाज चुकला होता. शनिवारी तिने फॉर्म भरला, आणि रविवारी सकाळी मंडळाच्या पोरांना घरी बोलावून वही मागून घेतली.