दुपारी अडीचचा प्रयोग आणि सव्वा महिन्याची रजा

मूल वाढवणे आणि घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करणे या दोन कामांवर वस्तीतल्या बायकांनीच रचलेला आणि त्यांनीच सादर केलेला सव्वा तासाचा एक प्रयोग मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका महापालिका शाळेच्या सभागृहात नुकताच पाहिला. गटाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. रंगमंचावर येणारे बहुतेक प्रसंग कलाकारांच्या स्वतःच्या घरातले आहेत, त्यांच्या सासवा, नणंदा आणि शेजारणी त्याच गल्लीत राहतात, आणि "आमचं नाव नको, बाकी काय ते लिहा" अशी त्यांची स्पष्ट विनंती होती. प्रवेशमूल्य नाही, शेवटी झोळी फिरते आणि ज्याला जमेल तो तीत काही टाकतो.

या उपक्रमाचे कौतुक नाटकाच्या आधी त्याच्या वेळेपासून सुरू करावे लागेल. प्रयोग दुपारी अडीचला, म्हणजे घरची जेवणे आणि भांडी उरकल्यावर आणि संध्याकाळच्या पाण्याची वेळ होण्याआधी. शेजारच्या वर्गात तेवढ्यापुरते पाळणाघर थाटलेले होते. दोन कार्यकर्त्या मुलांना सांभाळत होत्या आणि मधले दार उघडेच ठेवले होते, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या आया दाराजवळच्या सतरंजीवर बसून दोन्हीकडे लक्ष ठेवू शकत होत्या. मूल रडू लागले की आईने मुकाट्याने उठून बाहेर जायचे, हा आपल्या नाट्यगृहांचा अलिखित नियम आहे. येथे मात्र कलाकार क्षणभर थांबत, बाळ शांत झाले की पुढचे वाक्य घेत, आणि त्यात कोणाचा रसभंग झाल्याचे दिसले नाही. ज्यांच्यावर नाटक बेतले आहे त्यांना ते शेवटपर्यंत बसून पाहता येते की नाही, ही अशा रंगभूमीची पहिली कसोटी मानली, तर त्या कसोटीला हा गट पूर्ण उतरतो.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी लोकांचे प्रश्न लोकांच्या तोंडून मांडण्याची वाट घालून दिली. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणले आणि गावोगावी त्याचे प्रयोग केले. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या पुढाकाराने वस्त्यांमधली मुले 'वंचितांचा रंगमंच' या नावाने स्वतःची नाटके करू लागली. या गटाचा रोख थोडा वेगळा आहे. मुलगी झाल्याचे दुःख का करता, असे तो विचारत नाही. मूल झाले, आता ते दिवसभर कोणाजवळ ठेवायचे, असे विचारतो.

पहिल्या प्रसंगात एकाच महिन्यात बाळंत झालेल्या दोघी आहेत, एक बँकेत नोकरी करणारी आणि दुसरी तिच्याच घरी धुणीभांडी करणारी. बँकेतली कॅलेंडरवर आठवडे मोजते, कारण २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोयही करावी लागते. दुसरीची रजा सव्वा महिन्याची, तीही परंपरेने दिलेली, कारण त्यापुढे एक दिवस जरी लांबला तरी बदलीवर ठेवलेली बाई कायमची होण्याची धास्ती. कामावर परतलेली ही बाई मालकिणीचे बाळ अंगाखांद्यावर खेळवते आणि तिचे स्वतःचे बाळ नऊ वर्षांच्या थोरलीच्या कडेवर असते. "ताई, तुमची रजा संपली की मग बाळाला कोण बघणार?" असे ती निरागसपणे विचारते, तेव्हा सभागृहात हशा पिकला, उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. मालकिणीला खलनायिका केलेले नाही, हे मला विशेष आवडले. तीही रात्री जागते, तिलाही कामाच्या ठिकाणी टोमणे खावे लागतात, आणि तरीही दोघींच्या वाट्याला आलेले दिवस सारखे नाहीत, एवढेच प्रसंग दाखवतो.

प्रयोगाचा कळस मात्र दुसऱ्या प्रसंगात आहे, आणि त्यात एकही संवाद नाही. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली सासू शाळेच्या दोन बाकांवर निजलेली आहे आणि सून एकटीने तिच्याखालची चादर बदलते. आधी तिला एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर पाठीला लागेपर्यंत गुंडाळायची, तिच्याच कडेला नवी चादर आणि मेणकापड अंथरायचे, मग त्या उंचवट्यावरून म्हातारीला दुसऱ्या कुशीवर घ्यायचे आणि उरलेले ओढून घ्यायचे. हे सारे कलाकारांनी जितका वेळ लागतो तितकाच वेळ घेऊन केले. एके क्षणी सुनेने एका हाताने सासूची कंबर धरलेली आणि दुसऱ्या हाताने ती साडीचा वर गेलेला काठ तिच्या पायावर ओढत होती; लाज झाकण्याची ती सवय कोणत्याही दिग्दर्शकाला सुचली नसती. पुढे बसलेल्या एका बाईंनी न राहवून "अगं, गुडघा वाकव तिचा, मग वळव" असे सांगितले, आणि सुनेने ते खरोखर ऐकले. चादर बसली, पाठीला पावडर लागली, आणि सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, कारण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते.

एवढे दाखवल्यावर सूत्रधाराने लगेच पुढे येऊन आकडे वाचायला नको होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३७ मिनिटे देतात आणि पुरुष ७५ मिनिटे. घरकामात हेच प्रमाण २८९ आणि ८८ मिनिटांचे आहे. माहिती महत्त्वाची आहे, पण ती परिपत्रकासारखी वाचली गेली आणि चादरीच्या प्रसंगाने जमवलेली शांतता विरून गेली. त्याहून खटकले ते शेवटचे समूहगीत. सव्वा तास आईपण हे कष्टाचे काम आहे असे पटवून झाल्यावर आईला पुन्हा देवी करून ओवाळण्याचे कारण काय? देवीला रजा लागत नाही, पगार लागत नाही, पाळणाघरही लागत नाही. नाटकाने जे उभे केले तेच गीताने पुसले.

प्रयोगानंतरचा भाग ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या पद्धतीवर बेतलेला आहे: प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांपैकी कोणीही "थांबा" म्हणून एखाद्या पात्राची जागा घेऊ शकतो. अपेक्षेप्रमाणे बहुतेकींनी सुनेची जागा घेतली. एक आजी मात्र थेट बाकावर जाऊन आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मला कुठं पाठवू नका, पण रविवारी हिला जाऊ द्या. त्या दिवशी माझ्या लेकानं बघावं." मुलगा लाजेल, आई संकोचेल, बायकोची कामे कोण करणार असे अनेक धागे यातून निघाले असते. सूत्रधाराने "कुटुंबात संवाद हवा" असा निष्कर्ष काढून पुढच्या पात्राला बोलावले. प्रशिक्षण घेतलेली माणसे ही घाई का करतात कळत नाही. प्रेक्षकांत पुरुष मोजकेच होते आणि त्यातले बहुतेक मागे दाराशी उभे होते, तेव्हा त्या लेकाच्या जागी एखाद्याला बोलावणे अवघडही नव्हते.

सोयीच्या बाबतीत थोडे सांगायला हवे. ध्वनिवर्धक नसल्याने पंखे बंद ठेवावे लागतात आणि उकाड्यात मागच्या रांगा चुळबुळ करतात. सतरंजीवर बसू न शकणाऱ्या वयस्कर बायकांसाठी चार खुर्च्या पुढच्या बाजूला हव्यात. महिला मंडळे आणि बचत गटांनी हा प्रयोग अवश्य बोलवावा, आणि बोलावताना पाळणाघरासाठी वेगळी खोली व चर्चेसाठी किमान पाऊण तास राखून ठेवावा. गृहनिर्माण संस्थांनी तो रविवारी सकाळी ठेवावा, म्हणजे पुरुष घरी असतील. समूहगीत वगळण्याची विनंती आधीच करून पाहावी. गटातल्या दोघीतिघींनाही ते नको आहे, असे प्रयोगानंतर चहा घेताना कानावर आले.